पिवळं पान दिसलं तर

अल्लीपूरच्या आमच्या किराणा दुकानात वरच्या फळीवर काचेच्या सहा बरण्या होत्या. पाच बरण्यांत लिमलेटच्या गोळ्या, पेपरमिंट, बिस्किटं, खारे दाणे आणि शेव असायची. सहावी रिकामी असायची, कारण तिचं तोंड इतकं रुंद होतं की पोरं कोपरापर्यंत हात घालून दोन गोळ्यांऐवजी मूठभर उचलायची. त्या सहाव्या बरणीच्या काचेत बोराएवढा एक बुडबुडा अडकलेला होता. माझी सिंधूआत्या म्हणायची, "काच फुकून करतात ना वं. हा कोन्या कारागिराचा श्वास हाय. तो मरून गेला असन, श्वास आपल्या दुकानात बसून हाय." आत्या हे हसत बोलली होती. बाबा गिऱ्हाइकाला साखर मोजून देत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पारडं जरासं हललं. त्यांनी ते ऐकलं होतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

खात्रीनं सांगता येत नाही ते या प्रकरणात मी लिहिणार नाही. तशी सवय मला लहानपणापासून आहे. वजन, माप, कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं, हे मला नीट लागतं. या हकिकतीत मात्र एक वाक्य असं आहे की ते नीट लावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

आमचं घर दुकानाच्या मागेच होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, अंगण, आणि अंगणाच्या टोकाला शेजाऱ्यांबरोबर अर्धी-अर्धी विहीर. समोर पिठाची चक्की होती. तिच्या इंजिनाचा फटफट आवाज दिवसभर घरात असायचा, इतका की तो बंद पडला की आई हातातलं काम थांबवून विचारायची, "काय झालं वं?" घरात ज्वारीच्या भाकरीचा, शेंगदाण्याच्या फल्लीतेलाच्या फोडणीचा आणि दुकानातल्या गुळाच्या ढेपेचा वास एकत्र असायचा. थंडीत सांबार स्वस्त झाला की आई सांबारवड्या तळायची. (पुण्याच्या माझ्या व्याह्यांना सांबार म्हणजे कोथिंबीर हे अजून पटलेलं नाही.) आत्याला त्या गरम खाता यायच्या नाहीत. ती वडी फोडून आधी तिच्यातली वाफ बघत बसायची. आई म्हणायची, "खा ना सिंधूबाई, काय पायता तिच्यात?" आत्या म्हणायची, "पानी कुठं जाते ते पायतो वहिनी."

आत्या बाबांपेक्षा पुष्कळ लहान होती. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबांनीच तिला वाढवलं. ती बसनं हिंगणघाटच्या कॉलेजात जायची आणि वनस्पतींचं शिकायची. बाबांना त्याचा अभिमान होता, पण तो ते टोमण्यानं दाखवायचे. "आमच्या घरी सात पिढ्या झाडंच लावून राह्यलो, आता फी भरून शिकून राह्यलो."

त्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं सहावी बरणी मागून घेतली. बंद बरणीत बाग लावायची, आणि एकदा हिशोब जुळला की वरून पाणी घालायचं नाही, असं ती म्हणाली. मला ते खोटं वाटलं. बाबा म्हणाले, "पानी नाई घातलं तं झाड जगन कसं?"

"तेच पानी फिरते दादा. मातीतून पानात, पानातून हवेत, हवेतून काचेवर, काचेवरून मातीत. बाहेर जातच नाई."

"मंग आपलं पानी बाहेर काऊन जाते?"

"आपल्या दुकानाले झाकण नाई ना."

बाबा खूप हसले. मला त्यांचं ते हसणं आठवतं, कारण नंतर तसं हसणं फार थोड्या वेळा ऐकलं.

बरणी लावताना मोजायचं काम माझ्याकडे होतं. शाळेची पट्टी बाहेरून काचेला लावून मी आकडा सांगायची. तळाला नदीतली धुतलेली खडी, दोन बोटं. बरणीला भोक नसतं, म्हणून जास्तीचं पाणी उतरायला ही जागा. खडीवर शेगडीतला विझवलेला कोळसा कुटून, अर्धं बोट. त्यानं आतली हवा कुबट होत नाही. मग मांजरपाटाचा गोल कापलेला तुकडा, माती खाली खडीत झिरपू नये म्हणून. त्यावर चार बोटं माती. मातीवरून वाद झाला. बाबांनी आमच्या वावरातली काळीभोर माती घमेल्यात आणून ठेवली होती आणि आत्यानं ती नाकारली.

"अवं, हिच्यात कापूस डोक्याएवढा होते!"

"ते वावरात. ही पानी धरून बसते दादा. बरणीत मुळं सडतीन."

शेवटी एक वाटा काळी माती, एक वाटा रेती आणि एक वाटा आंब्याखालचा कुजलेला पाला असं ठरलं. बाबांचा मान राहिला आणि मातीही भुसभुशीत झाली. आता बरणी तिसऱ्या हिश्शाएवढी भरली होती. बाकीची जागा झाडांची आणि हवेची.

झाडंही घरचीच. विहिरीच्या आतल्या दगडांत हंसराज उगवायचा, काळ्या तारेसारखे देठ आणि नाजूक पानं. दोरीला बांधलेल्या बादलीच्या काठानं तो खरवडून आत्यानं मुळांसकट काढला. न्हाणीच्या भिंतीवरची शेवाळ उलथन्यानं अलगद सोडवली. कोपऱ्यात मनीप्लँटचा एका पेराचा तुकडा. मी हट्टानं पानफुटीचं एक पान खोचलं. आत्या म्हणाली की जाड पानाचं झाड बंद बरणीत टिकत नाही, पण लावू दे, तुला कळेल. आठवडाभरात ते पान उकडलेल्या वांग्यासारखं झालं आणि मला कळलं. दोन बांबूच्या कामट्यांनी ती सगळं लावायची. लावून झाल्यावर पानांवर माती सांडलेली होती. पानं इतकी नाजूक की ती बोटानं पुसता येईना. तेव्हा आत्यानं पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला, एक टोक ओठांत धरलं, दुसरं बरणीत सोडलं आणि एकेक पान फुंकून साफ केलं. तिचं तोंड लाल झालं होतं. मग चमच्यानं काचेच्या कडेनं थोडं पाणी, आणि पत्र्याचं झाकण घट्ट फिरवून बंद.

पहिले काही दिवस काच दिवसभर धुरकट राहायची. आत्या थोडा वेळ झाकण काढून ठेवायची, पुन्हा लावायची. मग एकदा असं झालं की सकाळी आत दाट धुकं आणि दुपारपर्यंत काच लख्ख. आत्यानं मला बोलावून दाखवलं. "हे पाय पोट्टे. सकाळी घाम, दुपारी साफ. हिशोब जुळला."

माझ्या लेकीनं, अश्विनीनं, गेल्या महिन्यात वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या आमच्या घरी अशाच बरणीतल्या बागेचं सामान कुरियरनं मागवलं. खोक्यात सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत, खडी, कोळसा, वाळलेली शेवाळ, चिमटा, इतकंच काय पानांवरची माती उडवायला रबराचा एक फुगासुद्धा. ती व्हिडिओ लावून बसली होती. तो थांबवून मी म्हणाले, "खडी दोन बोटं घाल." तिनं माझ्याकडे पाहिलं. घरात एक कुंडीसुद्धा न ठेवणारी आई हे कुठून बोलते, असं तिला वाटलं असणार. म्हणून हे लिहायला बसले.

थंडी सरत असताना आत्याचे डोळे पिवळे झाले. तिनं आरशात पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, "दादा, कावीळ हाय. दवाखान्यात चल." आमच्याकडे तेव्हा काविळीला माळ घालायचे. जवळच्या गावातला एक माणूस कसल्याशा झाडाच्या देठाचे तुकडे दोऱ्यात गुंफून द्यायचा. माळ आधी डोक्यावर ठेवायची. ती हळूहळू सैल होऊन गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर उतरते, आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते, असा समज. बाबांनी माळ आणली. आत्या खाटेवर बसून त्यांना शांतपणे सांगत होती की ओले देठ सुकले की आकसतात, दोरा मोकळा होतो, म्हणून माळ लांबते. त्याचा काविळीशी संबंध नाही.

"मंग लोकाइले गुन येते ते खोटं का?"

"ज्याची आपोआप बरी होते त्याले येते."

"माळ उतरू दे. नाई उतरली तं नेतो."

माळ उतरली. गळ्यात आली, छातीवर आली, पोटावर आली. बाबा रोज आनंदानं माळ बघत होते आणि आत्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. मग एका सकाळी ती मला ओळखेना. थोड्या वेळानं ओळखलं, पण तेवढ्यात बाबांचा चेहरा जो झाला तो झाला. ते धावत जीप आणायला गेले.

ती जीप एका ओळखीच्या शेतकऱ्याची होती. एकदा बंद केली की धक्का मारल्याशिवाय चालू व्हायची नाही, म्हणून दारात उभी असतानाही तिचं इंजिन चालूच होतं. समोर चक्कीही चालू होती. मागच्या सीटवर आई बसली आणि आत्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाबा पुढे बसत होते, एक पाय आत, एक बाहेर. मी जीपच्या मागच्या दाराला धरून उभी होते. आत्या काहीतरी बोलली. बाबांना उद्देशून बोलली, हे नक्की, कारण सुरुवातीचं "दादा" आम्ही तिघांनीही ऐकलं. त्यानंतर मला "झाकण" हा शब्द ऐकू आला. मग इंजिनानं आवाज केला. मग "नको" ऐकू आलं. जीप निघाली. मधलं मला ऐकू आलेलं नाही.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातून आत्या परत आली नाही.

बाबांनी काय ऐकलं ते दहाव्याच्या दिवशी कळलं. मी नदीवर गेले नव्हते. परत आल्यावर बाबा आईला सांगत होते, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, बाभळीवर बसून होते, पण खाली येईनात. बरोबरच्या माणसांनी आत्याला नाना प्रकारची आश्वासनं देऊन पाहिली. दरवर्षी तुझ्या नावानं जेवू घालू, तुझी पुस्तकं गरजू पोरीला देऊ. कावळा हलेना. ऊन चढलं. मग बाबांना जीप आठवली. ते मोठ्यानं म्हणाले, "सिंधू, तुह्या बरणीचं झाकण कोनी उघडनार नाई. मी उघडू देनार नाई." आणि कावळा आला.

"जाता जाता तेच म्हनली ना," बाबा आईला सांगत होते, "'दादा, झाकण उघडजो नको.' तिचं एकदा नाई ऐकलं मी. आता ऐकतो."

चुलीतलं लाकूड आईनं आत सारलं, पुन्हा बाहेर ओढलं.

बाबांनी बरणी दुकानातून काढून मधल्या खोलीतल्या देवळीत ठेवली. भिंतीतल्या त्या कोनाड्यात आधी आरसा आणि कंगवा असायचा. आत्यानं पपईच्या देठातून फुंकलं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि बुडबुड्यातल्या कारागिराची गोष्टही. दोन्हीची बेरीज कोणीही बोलून दाखवली नाही, पण प्रत्येकानं आपापली केली. सकाळी बाबा आंघोळ करून ओल्या केसांनी देवळीपुढे उभे राहायचे. काच आतून पांढरी झालेली असायची. ते तिच्याकडे बघत राहायचे, जसं झोपलेल्या माणसाचं पोट वरखाली होतं का ते बघतात तसं. दुपारी धुकं विरलं की ते दुकानातून एक फेरी मारून जायचे. हंसराजाची पानं ताठ असायची. त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

आईचं उलट. ती त्या खोलीत लुगडं बदलेनाशी झाली. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून बदलायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कोनी तरी पायते ना वं." चक्की बंद झाली की ती मान वर करायची. पूर्वी विचारायची, "काय झालं?" आता विचारायची, "ऐकलं का?" तिचं म्हणणं होतं की बरणीत थेंब पडल्याचा आवाज येतो. बंद काचेतून तसा आवाज येणार नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग मीही ऐकायला बसायची. एका सकाळी धुक्यामध्ये वरपासून खालपर्यंत एका बोटाएवढी स्वच्छ रेघ दिसली, काचेच्या आतून. थेंबाला थेंब मिळाला की वजनानं घसरतो आणि अशी रेघ उमटते. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी शाळेत जाईपर्यंत त्या रेघेकडे पाठ केली नाही.

शेजारच्या काकूंनी एकदा झाकणावर हळद-कुंकू वाहिलं. बाबांनी धोतराच्या सोग्यानं ते पुसलं. "देव नाई तो काकू. बहीन हाय माही."

मग उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी दुकानाच्या पत्र्याला हात लावता येत नाही आणि गुळाची ढेप पाझरते. बरणीतलं धुकं आता दुपारीही जाईना. काच सतत आंधळी. पुसायला गेलं तर बाहेरून कोरडी, कारण सगळं आत होतं. एक दिवस काचेला डोळा लावून पाहिलं तेव्हा हंसराजाचं एक पान पिवळं पडून मातीवर टेकलेलं दिसलं. दोन दिवसांनी त्याच्यावर बुरशीची पांढरी रुई धरली होती. ती देठावर चढली, तिथून शेजारच्या पानावर. बाबांनी काय केलं नाही ते विचारा. बरणी देवळीतून काढून माठाजवळ ठेवली. भोवती ओलं बारदान गुंडाळलं, दर तासाला त्यावर पाणी शिंपडलं. खिडकीला पोतं बांधून खोली अंधारी केली. झाकणाला मात्र हात लावला नाही.

बरणी माठाजवळ असल्यामुळे बारदान जरा सरकलेलं असताना पाणी प्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं ती पाहिली. कापसाचा शेतकरी होता, थट्टेखोर. "काहो भाऊ, बरणीत कापूस पेरला का? वेचनी कवा?" बाबांनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला. तो माणूस भांबावून गेला. पुन्हा आमच्या दुकानात आला नाही.

मी बाबांना सांगितलं, "आत्या सुरुवातीले झाकण उघडत होती. काच धुरकट राह्यली की उघडत होती. मी पाह्यलं."

"तवा ती होती," बाबा म्हणाले.

"पण सडून राह्यलं सगळं."

"मले दिसत नाई का?" मग हळू आवाजात, "उघडलं तं वचन मोडते. नाई उघडलं तं हे मरते. सांग मले काय करू. तू आकडे करते ना, सांग."

त्या दिवसांत बाबा जेवताना ताटाकडे बघायचे नाहीत. माठाकडे बघत घास घ्यायचे.

अखाजी आली. वैशाखातल्या त्या सणाला आमच्याकडे गेलेल्यांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पुजतात आणि पान वाढतात. आत्याची ही पहिली अखाजी. आईनं सकाळपासून पुरण, कुरडया, कढी, चिंचोणी केली. सांबार उन्हाळ्यात महाग असतो तरी सांबारवड्याही केल्या. बाबांनी नवी घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं. घागर माठाशेजारी, म्हणजे बरणीशेजारीच मांडली होती. पळसाच्या पत्रावळीवर आईनं वाढलं. शेवटी तिनं एक वडी फोडून ठेवली. वाफ वर आली. आई ती वाफ बघत राहिली आणि मग बाबांकडे न बघता म्हणाली,

"पान पिवळं झालं."

"हाव."

"सिंधूबाई म्हनल्या होत्या."

बाबांनी मान वर केली. "काय म्हनली होती?"

"जीपमधी. माह्या मांडीवर डोकं होतं ना. 'दादा, पान पिवळं दिसलं तं झाकण उघडजो. उगंच उघडजो नको.' असं म्हनल्या."

खोलीत चक्कीचा आवाज तेवढा होता.

"इतके दिवस काऊन नाई सांगतलं?"

"तुमी नदीवर बोलून आलते. कावळा शिवला म्हनले. मंग मी काय सांगू? तवा पान हिरवं होतं."

"तू आता बनवून सांगून राह्यली. मले बरं वाटावं म्हनून."

बाबा माझ्याकडे वळले. "तू मांगं उभी होती. तू काय ऐकलं?"

त्या क्षणी माझ्या उत्तरावर काय अवलंबून आहे हे मला पूर्ण कळत होतं. आई माझ्याकडे बघत नव्हती. तिनं मला डोळ्यानं खुणावलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही. तिनं खुणावलं नाही. मी जे ऐकलं तेवढंच सांगितलं. "'झाकण' ऐकलं. मंग गाडीचा आवाज झाला. मंग 'नको' ऐकलं."

"मंधात?"

"मंधातलं नाई ऐकलं."

बाबा पुटपुटत होते. "झाकण… नको." मग, "झाकण उघडजो, उगंच उघडजो नको." दोन्ही वाक्यं ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. दोन्ही त्या आवाजात मावत होती. मी तेव्हाही मोजलं होतं, आजही मोजते. मावतात.

त्यांनी बारदान सोडलं. बरणी मांडीत घेतली. झाकण चिकटलं होतं, खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून पिळावं लागलं. ते सुटलं तेव्हा अगदी बारीक, ओठ विलग होतात तेवढा आवाज झाला. हा आवाज मी ऐकला, आईनंही ऐकला. बाबांनी तोंड बरणीवर धरलं आणि डोळे मिटले. ते नंतर शेवटपर्यंत सांगायचे की त्यांना आत्याच्या केसांचा वास आला. मला विहिरीचा आणि सडलेल्या पानाचा वास आला. मी ते खोडून काढलं नाही.

"गेली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आईनं पदर खोचला आणि आत्याच्या दोन कामट्या आणून त्यांच्या हातात दिल्या. कुठून आणल्या कोण जाणे. मला वाटलं होतं त्या केव्हाच चुलीत गेल्या. बाबांची बोटं जाड होती, पण त्यांनी एकेक सडलेलं पान उचलून पत्रावळीच्या कडेला ठेवलं. पिवळी सगळी काढली, रुई धरलेली शेवाळ काढली. खाली फारसं काही उरलं नाही. मनीप्लँटचं एक पान, आणि हंसराजाच्या बुडाशी, गुंडाळी करून बसलेला, नखाएवढा एक हिरवा कोंब.

बरणी थोडा वेळ उघडी राहिली. काच साफ झाली. बाबा झाकण हातात घेऊन बसले होते, लावत नव्हते.

"लावा आता," आई म्हणाली.

"काय बंद करू? रिकामी झाली ना."

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं साध्या गोष्टीला अडून बसलेल्या पोराकडे बघतात. "फुका ना मंग. तुमी तिचे भाऊच हाय ना."

बाबांनी वाकून बरणीत फुंकर घातली. एकदा, लांब. आतली काच पांढरी झाली. त्यांनी झाकण लावलं. बाहेर पत्रावळ ठेवली तेव्हा कावळा आला की नाही हे मला आठवत नाही, आणि तेव्हा कोणी पाहिलंही नाही.

तो कोंब उघडला. बरणी पुढे पुष्कळ वर्षं चालली, अधूनमधून पिवळं पान दिसलं की बाबा उघडायचे आणि बंद करताना फुंकायचे. आई त्या खोलीत पुन्हा लुगडं बदलू लागली. माझ्या लग्नानंतर दुकान दुरुस्त करताना गवंड्याच्या हातून ती बरणी फुटली. बुडबुड्याच्या जागीच फुटली, असं बाबा म्हणाले. मी ते पाहिलेलं नाही.

बाबा गेले. त्यानंतर आई माझ्याकडे पिपरी मेघेला येऊन राहिली. एका दुपारी ती ओसरीवर मेथी निवडत होती. कॉलनीत कुठेतरी बोअरचं मशीन चालू होतं, सारखा घरघर आवाज. मी तिच्यासमोर बसले आणि इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं. "आई, आत्या खरंच तसं म्हणाली होती?"

ती देठ मोडत राहिली. "तू तं होती ना तिथं."

"मला मधलं ऐकू आलं नाही. गाडीचा आवाज होता."

"गाडीचा आवाज मलेबी होता ना वं," आई म्हणाली. मग एक पिवळी काडी बाजूला टाकून, "पान तं पिवळं होतं ना?"

बोअरचं मशीन थांबलं तेव्हा तिनं मान वर केली नाही. आता विचारायला ती नाही.

अश्विनीची बरणी तयार झाली. माती उडवायला तिनं रबरी फुगा घेतला होता. तो मी तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, तोंडानं फुंक. तिनं हसत फुंकलं. झाकण लावून तिनं बरणी उजेडाजवळ ठेवली, लांबून पाहिली, मग मला विचारलं, "पण आई, हे उघडायचं कधी? व्हिडिओवाला म्हणतो कधीच नाही."

"पिवळं पान दिसलं तर उघड," मी म्हणाले. "उगाच उघडू नको."

"हे कोणी सांगितलं?"

"सिंधूआत्यानं," मी म्हणाले. "मी स्वतः ऐकलंय."